पायाला फोड: चालायला निघण्याआधी, चालताना आणि फोड आल्यावर काय करायचं

दर रविवारी आमच्या टेकडीच्या ग्रुपवर कुणीतरी टाचेचा फोटो टाकतं आणि खाली सल्ले सुरू होतात, हळद लाव, कोलगेट लाव, सुईने फोड, अजिबात फोडू नको, दोन दिवस अनवाणी चाल. गंमत म्हणजे फोटो टाकणारी माणसं बहुतेक तीच तीच असतात. तोच बूट, तीच टाच, तोच फोड. म्हणून एकदाच सगळं क्रमाने लिहून ठेवतोय.

पुढचं सगळं एका गोष्टीवर उभं आहे, ती आधी बघू. पाऊल टेकलं की आतलं हाड पुढे सरकतं, पण वरची कातडी मोज्याला चिकटून मागे राहते, आणि मधल्या थरांना दर पावलाला ओढ बसते. पाच किलोमीटर चाललात तर एका पायाला ही ओढ तीन हजारांच्या वर वेळा बसली. मग कधीतरी तो थर आतून सुटतो आणि तिथे पाणी भरतं. ओली कातडी मोज्याला जास्त चिकटते, म्हणून घामट पायाला आणि पावसात फोड लवकर येतात. आपल्या हातात काय आहे? पाय बुटात सरकू न देणं, पाय कोरडा ठेवणं, आणि कातडी हुळहुळायला लागली की तिथल्या तिथे थांबणं. पहिल्या दोनवर लोक पैसे घालतात, तिसरी फुकट आहे ती कुणी करत नाही.

पायरी १: मागचा फोड कुठे आला होता ते बघा

नवीन बूट घ्यायच्या आधी हे करा, कारण फोडाची जागा बघून बरंचसं कळतं.

टाचेच्या मागे, जिथे बुटाची कड लागते तिथे असेल तर टाच वर-खाली होतेय, म्हणजे बूट मोठा आहे किंवा लेस ढिली आहे. बोटांच्या टोकाला किंवा नखाखाली असेल तर बूट आखूड आहे, खास करून उतारावर पाय पुढे घसरून आपटतो. करंगळीच्या बाजूला आला तर बूट पुढून अरुंद. दोन बोटांच्या मध्ये असेल तर शेजारच्या बोटाचं नख बघा, नव्वद टक्के वेळा माझ्या बाबतीत तेच निघालंय. चवड्याखाली, म्हणजे बोटांच्या मागच्या गादीवर असेल तर मोजा ओला होतोय, किंवा बुटातला सुटा तळ आत सरकतोय, किंवा झेपेल त्यापेक्षा एकदम जास्त अंतर मारलंत.

तपासा: बुटात हात घालून त्याच जागी बोट फिरवा. उसवलेली शिवण, दुमडलेलं अस्तर, सुटलेला गोंद यातलं काहीतरी पुष्कळदा हाताला लागतं, आणि आपण उगाच मोज्यांना दोष देत असतो.

पायरी २: बूट

बूट संध्याकाळी घ्यायला जा, दिवसभरात पाय थोडा सुजतो आणि चालतानाही सुजतो, सकाळी नीट बसलेला बूट पाचव्या किलोमीटरला घट्ट होतो. चालताना जे मोजे घालणार तेच घालून जा. दुकानातला तो पातळ नायलॉनचा मोजा घालून माप घेऊ नका.

आतला तळ निघत असेल तर बाहेर काढा, जमिनीवर ठेवा आणि त्यावर उभे राहा. पाय कडेने बाहेर येत असेल तर तो बूट तुमचा नाही, नंबर बरोबर असला तरी. सगळ्यात लांब बोटाच्या पुढे अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा हवी. (सगळ्यात लांब बोट अंगठाच असेल असं नाही, माझं दुसरं बोट लांब आहे आणि हे कळायला मला दोन काळी नखं लागली.) दोन्ही पाय सारखे नसतात, मोठ्या पायाचं माप घ्या.

"वापरून सैल होईल साहेब" असं दुकानदार म्हणाला की उठा. चामड्याची चप्पल सैल होते, स्पोर्ट्स शूज फारसे होत नाहीत.

आता लेस. टाचेच्या मागे फोड येणाऱ्या निम्म्या लोकांचं काम इथेच होतं. बुटाच्या सगळ्यात वर, घोट्याजवळ, एक जादाचं भोक असतं, त्यात बहुतेकांनी कधी लेस घातलेलीच नसते. नेहमीसारखी लेस विणत त्याच्या खालच्या भोकापर्यंत या. मग उजवी लेस उजव्याच बाजूच्या वरच्या भोकात बाहेरून आत घाला, पण पूर्ण ओढू नका, बोट जाईल एवढा फास राहू द्या. डावीकडे तसंच. मग उजव्या लेसचं टोक डाव्या फासातून आणि डाव्याचं उजव्या फासातून काढा. टाच जमिनीवर दोनदा आपटून मागे पक्की बसवा, आणि दोन्ही टोकं खालच्या बाजूला ओढून गाठ मारा. टाच जागची हलत नाही.

चेतावणी: पायाला मुंग्या यायला लागल्या तर लेस जास्त आवळलीय. टाच धरायची आहे, पाय बांधायचा नाहीये.

नवे बूट पहिले दोन-तीन दिवस घरात तासभर, मग एक-दोन किलोमीटरची चक्कर, मग हळूहळू नेहमीचं अंतर. मी हे सगळं माहीत असून एका आषाढी वारीला ज्ञानेश्वर महाराजांच्या पालखीबरोबर पुणे ते सासवड चालायचं म्हणून आदल्या दिवशी नवे बूट घेतले. तीसेक किलोमीटरचा टप्पा, मध्ये दिवे घाट, वर पाऊस. हडपसर सोडायच्या आत डावी टाच गेली होती, घाट मी बुटाची मागची बाजू चपलेसारखी दाबून चढलो.

पायरी ३: मोजे

घरातले जाड पांढरे कॉटनचे मोजे चालायला वापरू नका. इथे लोक ऐकत नाहीत, कारण कॉटन चांगलं हे आपल्या डोक्यात लहानपणापासून बसलंय. शर्टाला चांगलं असेल, पण पायाला नाही, कॉटन घाम पितं आणि धरून ठेवतं, मग तासभर तुम्ही ओल्या फडक्यात पाय गुंडाळून चालताय. पॉलिएस्टर किंवा नायलॉनचे स्पोर्ट्स मोजे घ्या, पायाला बेताने घट्ट बसणारे, टाच टाचेवरच येणारे. ढिल्या मोज्याला चुणी पडते आणि ती चुणीच घासते.

बोटांवरची शिवण टोचत असेल तर मोजा उलटा घाला, कुणी बघत नाही. अंतर मोठं असेल तर आत एक पातळ आणि वर एक नेहमीचा असे दोन मोजे चालतात, मग घासाघीस दोन मोज्यांच्या आपसात होते. पण बुटात तेवढी जागा असेल तरच, नाहीतर बूट घट्ट होऊन वेगळाच फोड.

दीड तासाच्या वर चालणार असाल तर जादा जोड खिशात ठेवा. अर्ध्यात थांबून पाय पुसून कोरडा मोजा घालायला तीन मिनिटं लागतात. या एका सवयीने माझे चवड्याखालचे फोड जवळपास बंद झाले.

पायरी ४: पायाची तयारी

नखं सरळ कापा, कडा घासा, पण चालायच्या दिवशी सकाळी नको, एक-दोन दिवस आधी. घट्टे असतील तर अंघोळीत पाय मऊ झाल्यावर प्युमिस दगडाने थोडेसे घासा, ब्लेडने तासू नका. घट्टा पूर्ण काढायचा नाही, पातळ करायचा, कारण जाड घट्ट्याखाली फोड आला की तो खोल असतो, दिसत नाही आणि दुखतो भयंकर.

टाचेला भेगा असतील तर क्रीम रात्री झोपताना. सकाळी निघताना क्रीम फासून बूट घालू नका, कातडी मऊ पडते.

पावडरीचं म्हणाल तर अगदी थोडी चालेल. डबा उपडा केला की घामात तिचे गोळे होतात आणि तेच खड्यासारखे टोचतात.

पायरी ५: जिथे नेहमी फोड येतो तिथे आधीच टेप

मेडिकलमध्ये मायक्रोपोर म्हणून कागदी चिकटपट्टी मिळते, एक इंच रुंदीची घ्या. स्वस्त आहे आणि काम करते. २०१६ साली स्टॅनफर्डच्या डॉक्टरांनी अनेक दिवसांच्या अल्ट्रामॅरेथॉन पळणाऱ्या १२८ जणांवर हीच साधी कागदी टेप वापरून पाहिली, तर टेप लावलेल्या जागी फोडांचं प्रमाण साधारण ४० टक्क्यांनी कमी निघालं.

लावायचा क्रम महत्त्वाचा आहे, इथेच चुका होतात:

१. पाय धुवा, पूर्ण कोरडा करा, पाच मिनिटं तसाच ठेवा. अंघोळीनंतर लगेच लावलेली टेप कोपऱ्यावरच्या टपरीपर्यंत टिकत नाही.
२. फोड येणाऱ्या जागेपेक्षा सगळ्या बाजूंनी बोटभर मोठा तुकडा कापा आणि कात्रीने कोपरे गोल करा. टोकदार कोपरा मोज्यात अडकून सुटतो.
३. मधून बाहेर दाबत चिकटवा, एकही चुणी नको. चुणी पडली तर काढून नवा तुकडा.
४. तळहाताने अर्धा मिनिट दाबून धरा, उबेने ती नीट बसते.
५. मोजा गुंडाळी करून हळू चढवा, खेचू नका.

चेतावणी: टेप किंवा व्हॅसलिन, दोन्हीपैकी एकच. व्हॅसलिनवर टेप चिकटत नाही. नुसतं व्हॅसलिन छोट्या चकरेला, बोटांच्या मध्ये वगैरे ठीक, पण तासाभरात ते मोज्यात जिरतं आणि कातडी मऊ करून ठेवतं, मग घासणं उलट वाढतं. लांब चालायचं तर टेपच. आणि बोटाभोवती टेपचं कडं घट्ट आवळू नका, पाय सुजला की ते रुततं.

घरी आल्यावर टेप ओरबाडून काढायची नाही. ओली करा, कातडीला समांतर हळूहळू मागे ओढा. मी एकदा फोड वाचवला आणि टेप काढताना कातडी घालवली, त्यामुळे सांगतोय.

पायरी ६: हुळहुळायला लागलं की थांबा

फोड यायच्या आधी ती जागा गरम लागते, चुरचुरते, हात लावला की हुळहुळते. फोड अजून आलेला नसतो, कातडी फक्त लाल झालेली असते. बहुतेक वेळा दहा-पंधरा मिनिटं हातात असतात. आणि नेमकं तेव्हा आपण काय करतो? अजून दोनच फेऱ्या राहिल्यात, मग घरी जाऊन बघू. त्या दोन फेऱ्यांतच फोड येतो.

बाकावर, कट्ट्यावर, जिथे जमेल तिथे बसा. बूट, मोजा काढा, मोज्यातला खडा-बिडा झटका, पाय रुमालाने पुसा आणि दोन मिनिटं वारा लागू द्या. वर सांगितलं तशी टेप लावा. मोजा ताणून, चुण्या काढून घाला, लेस नव्याने बांधा. टेप नसेल तर अंतर कापा आणि रिक्षाने घरी या, त्यात लाज कसली.

माझ्या खिशात एका छोट्या झिपच्या पिशवीत पेन्सिलच्या तुकड्यावर गुंडाळलेली हातभर टेप असते. अख्खं रीळ बाळगायला कंटाळा येतो आणि मग नेमक्या दिवशी ते घरी राहतं.

पायरी ७: फोड आलाच. फोडायचा की नाही?

आधी हे वाचा. डायबिटीस असेल, पायाचं रक्ताभिसरण कमी असेल, पायाला बधिरपणा असेल किंवा प्रतिकारशक्ती कमी करणारी औषधं चालू असतील तर फोड घरी फोडायचा नाही, विषय संपला. स्वच्छ ड्रेसिंग बांधून डॉक्टरांकडे जा. डायबिटीसवाल्यांना पायरी ६ मधलं हुळहुळणं जाणवतच नाही अशी शक्यता असते, म्हणून त्यांनी रोज चालून आल्यावर तळवे डोळ्यांनी बघायचे, वाकता येत नसेल तर जमिनीवर आरसा ठेवून. आई-बाबा चालायला जात असतील तर हे तुम्ही बघा, ते स्वतः सांगत नाहीत.

बाकीच्यांसाठी:

फोड लहान आहे आणि फारसा दुखत नाही? हात लावू नका. वरची कातडी हीच सगळ्यात चांगली पट्टी आहे, आतलं पाणी काही दिवसांत आपोआप जिरतं आणि पाचेक दिवसांत खाली नवी कातडी धरते. फक्त वर दाब येऊ द्यायचा नाही. गॉजची चार पदरी घडी करा, मधे फोडाएवढं भोक कापा, फोड त्या भोकात येईल असं ठेवा आणि वरून दुसरी पट्टी. मेडिकलमध्ये कुरुपासाठी गोल रिंग मिळते तीही चालेल, पण औषध नसलेली मागा. कुरुपाच्या औषधी पट्टीत कातडी जाळणारं सॅलिसिलिक ॲसिड असतं, ते फोडावर लागलं तर रडाल.

रक्ताचा, लालकाळा फोड असेल तर तोही फोडू नका.

मोठा, टरारून फुगलेला, पाऊल टेकवत नाही असा असेल, आणि तो आपण होऊन फुटणारच असं दिसत असेल, तर नीट पद्धतीने पाणी काढलेलं बरं. रस्त्यात, घाणेरड्या मोज्यात फुटण्यापेक्षा घरी फोडलेला परवडला.

पायरी ८: पाणी काढायची पद्धत

आधी सगळं सामान मांडून घ्या: साबण, बेटाडिन, मेडिकलमधून आणलेली नवी डिस्पोजेबल सुई (पाकीट तेव्हाच फोडायचं), गॉज, व्हॅसलिनची ट्यूब किंवा नवा डबा, मायक्रोपोर. अर्ध्यात उठून कपाट शोधत फिरलात की धुतलेल्या हातांचा काही उपयोग नाही.

१. हात आणि पाय साबणाने धुवा, पुसा.
२. फोडावर आणि भोवती बेटाडिन लावा, मिनिटभर वाळू द्या.
३. फोडाच्या कडेला, जिथे पाणी खाली उतरेल तिथे, सुई आडवी धरून टोचा. मधोमध नाही, आणि वरून सरळ खाली तर अजिबात नाही. मोठा असेल तर दोन-तीन भोकं. नीट टोचलं तर दुखत नाही, दुखलं म्हणजे खोल गेलात.
४. गॉजने हलकं दाबून पाणी काढा. पाणी स्वच्छ, पिवळसर असतं. पांढरं-हिरवं, घट्ट किंवा वासाचं असेल तर तो पू आहे, इथेच थांबा, झाकून डॉक्टरांकडे जा.
५. वरची कातडी कापू नका, सोलू नका. तशीच खाली बसवा.
६. थोडं व्हॅसलिन, वर गॉज, मग टेप.

दुसऱ्या दिवशी परत भरलेला दिसेल, घाबरू नका, पुन्हा याच क्रमाने, नव्या सुईने. ड्रेसिंग रोज बदला आणि ओलं झालं की लगेच.

कापडं शिवायची सुई मेणबत्तीवर धरून वापरतात, तिच्यावर काजळी धरते आणि ती फोडात जाते. त्यापेक्षा पाच-दहा रुपयांची नवी सुई आणा. पालखीच्या वाटेत एका काकांना मी सुईत दोरा ओवून फोडातून आरपार काढताना पाहिलं, दोरा आतच ठेवायचा म्हणजे पाणी झिरपत राहतं असं त्यांचं म्हणणं. पाणी झिरपतं हे खरं, पण त्याच दोऱ्यावरून रस्त्याचा चिखल आत जातो. वर काका तीच सुई घेऊन ओळीने सगळ्यांच्या पायांशी बसत होते, अगदी मनापासून, आणि कुणी त्यांना नाही म्हणेना. एकाची सुई दुसऱ्याला म्हणजे हिपॅटायटिस बी आणि एचआयव्हीची जोखीम, तेव्हा हात जोडा आणि नाही म्हणा.

पायरी ९: आधीच फुटून सोलवटला असेल तर

वाहत्या पाण्याखाली साबणाने धुवा, झोंबेल, पण माती राहता कामा नये. कातडीचा लोंबणारा तुकडा स्वच्छ असेल तर जागेवर परत बसवा, मळलेला, फाटलेला तेवढाच भाग स्वच्छ कात्रीने काढा. व्हॅसलिन, न चिकटणारं ड्रेसिंग, टेप. हायड्रोकोलॉइड म्हणून जेलसारखी जाड पट्टी मिळते, ऑनलाइन किंवा मोठ्या मेडिकलमध्ये, उघड्या फोडाला ती उत्तम, पण लावली की दोन-तीन दिवस तशीच राहू द्यायची, रोज उचलून बघायचं नाही. तिच्याखाली पांढरट फुगा दिसतो, तो जेल असतो. पू असल्याची शंका असेल तर मात्र ही पट्टी नको.

हळद, कोलगेट, चुना, मेंदी यातलं काही नको. गार वाटतं म्हणून लोक टूथपेस्ट लावतात, पण उघड्या मांसावर ती आग करते आणि डॉक्टरांना खालचं काही दिसत नाही. स्पिरिट आणि हायड्रोजन पेरॉक्साइडही उघड्या जखमेवर नको.

"हवा लागू दे, सुकेल" हेही चूक. खपली धरली की ती चालताना तडकते. थोडी ओलसर, झाकलेली जखम लवकर भरते.

डॉक्टरांकडे कधी: भोवतीची लाली वाढत चाललीय, जागा गरम आणि ठणकतेय, पू आहे, पायावरून वर जाणारी लाल रेघ दिसतेय, जांघेत अवधाण (दुखरी गाठ) आलंय, ताप आहे. यातलं एक जरी असेल तर त्याच दिवशी. आणि फोड रस्त्यावर फुटून माती गेली असेल, शेवटचं धनुर्वाताचं इंजेक्शन कधी घेतलं ते आठवत नसेल, तर तेही विचारून घ्या.

पायरी १०: परत चालायला कधी?

अंगठ्याने ती जागा दाबून बघा. दुखली तर अजून नाही. तोवर अंगठा-बोटं मोकळी राहतील अशी, फोडाला न लागणारी चप्पल घाला. लंगडत चालणं टाळा, चार दिवस लंगडलात की गुडघा धरतो आणि दुसऱ्या पायाला फोड येतो तो वेगळाच.

पहिल्या दिवशी नेहमीच्या अर्ध्याहून कमी, टेप लावूनच, घरापासून लांब न जाता. मग आठवड्याला दहा-पंधरा टक्के वाढवा. सोमवार ते शनिवार दोन किलोमीटर आणि रविवारी एकदम बारा, हा आपला लाडका कार्यक्रम आहे आणि रविवारचे ते फोटो त्यातूनच येतात.

पावसाळ्यात सँडल बरी असं वाटतं, पण ओला पट्टा कातडीला चिकटून घासतो आणि खाली रेती जाते. घालायचीच असेल तर पट्टा लागतो तिथे टेप लावा आणि मधे मधे पाय धुवा. भिजलेले बूट रात्री आतला तळ बाहेर काढून, आत वर्तमानपत्र कोंबून ठेवा, कागद एकदा बदला. सकाळी आत हात घालून बघा, दमट असतील तर त्या दिवशी दुसरे बूट.

एवढं सगळं करून तिसऱ्यांदाही तिथेच फोड आला तर बूट बदला, कितीही पैसे गेलेले असोत. माझे सासवडचे बूट मी भाच्याला दिले, त्याचा पाय अरुंद आहे, तो त्यात रोज पर्वती चढतो.